तळ्याकाठच्या सेप्टिक टाक्या आणि त्यांची तपासणी : बेळगाव सीमाभागातील नियमांची पार्श्वभूमी

बेळगाव शहराला पाणी देणारा राकसकोप जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. धरण कर्नाटकात आहे, पण पाण्यालगतचा तुडयेचा परिसर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो. निपाणीला जवाहर तलावाचे पाणी मिळते. हिडकलच्या जलाशयात येणारी घटप्रभा आणि तिला मिळणारी हिरण्यकेशी, दोन्ही सह्याद्रीत उगम पावून सीमा ओलांडून येतात. या पाण्यांच्या काठावरची घरे आपला मैला कुठे सोडतात, हे पाहण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत तुकड्यातुकड्यांनी लिहिले गेले. टाकी बांधताना काय करावे हे त्यात सविस्तर आहे. बांधून झालेली टाकी पुढे कोणी आणि किती वर्षांनी पाहावी, हा भाग मात्र विरळ राहिला.

१९५६ पर्यंत बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा सगळा भाग मुंबई राज्यात होता आणि १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यासारख्या कायद्यांनी शहरांची गटारे, मोऱ्या, संडास यांचा कारभार चाले. तेव्हाचे संडास बहुतेक टोपलीचे होते. नळाचे पाणी मुबलक झाले तसे पाण्याने धुतले जाणारे संडास वाढले आणि त्यामागे सेप्टिक टाकी आली. हे क्रमाने घडले म्हणून नियमही क्रमाने आले. आधी विहिरीपासून अंतर, मग टाकीचा आकार, मग गाळ उपसणाऱ्या माणसाचा जीव आणि अगदी शेवटी गाळाची विल्हेवाट.

राज्य पुनर्रचनेनंतर १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा आणि १९७६ चा महानगरपालिका कायदा आला. दोन्हींत खासगी मोऱ्या व मैलाकुंड्या तपासण्याचे, नोटीस देऊन दुरुस्ती करून घेण्याचे अधिकार स्थानिक संस्थेकडे आहेत. खेड्यांसाठी १९९३ चा पंचायत राज कायदा आहे. हे अधिकार कागदावर जुने असले तरी प्रत्यक्षात वापरले जातात ते शेजाऱ्याने तक्रार केली तेव्हा. टाकी फुटून गल्लीत वास सुटला की पंचायतीचा माणूस येतो. टाकी गुपचूप जमिनीत गळत असेल तर कोणी येत नाही, आणि तळ्याला धोका नेमका दुसऱ्या प्रकारचा असतो.

१९७४ चा केंद्रीय जलप्रदूषण कायदा इथे महत्त्वाचा आहे. कर्नाटकाने तो सुरुवातीलाच लागू करून घेतला आणि त्याच वर्षी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्रात तेव्हा १९६९ चा स्वतःचा कायदा होता. केंद्रीय कायदा तिथे १९८०च्या दशकात आला. म्हणजे काही वर्षे एकाच पाणलोटाच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे होते. १९७४ च्या कायद्यातली ‘प्रवाहा’ची व्याख्या आवर्जून वाचावी. तिच्यात नदी-नाल्यासोबत नैसर्गिक वा कृत्रिम जलाशय आणि भूगर्भातले पाणीसुद्धा येते, आणि कलम २४ ने त्यात दूषित पदार्थ सोडायला बंदी आहे. त्यामुळे तळ नसलेल्या टाकीतून भूजलात जाणारे पाणी या व्याख्येच्या बाहेर राहत नाही.

टाकीचा आकार ठरवणारे भारतीय मानक म्हणजे आयएस २४७०. त्याची आजची आवृत्ती १९८५ ची. किमान रुंदी ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, पाण्याची क्षमता किमान १००० लिटर. पाच माणसांच्या घराला आतून १.५ मीटर लांब आणि ०.७५ मीटर रुंद टाकी, दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर पाण्याची खोली १.०५ मीटर, वर ३०० मिलिमीटर मोकळी जागा. दहा माणसांना २ मीटर बाय ०.९ मीटर आणि खोली १.४ मीटर. २००० लिटरच्या वरच्या टाकीत दोन कप्पे, मधली भिंत लांबीच्या दोन तृतीयांशावर. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर.

हे आकडे देशभरासाठी आहेत, आपली माती मात्र एका जिल्ह्यात दोन टोकांची. पश्चिमेला खानापूरकडे आणि राकसकोपच्या वर जांभा आहे. जांभ्याला भोके आणि चिरा असतात. त्यात सोडलेले पाणी मातीतून गाळत गाळत न जाता नळीतून गेल्यासारखे सरळ खाली उतरते. अशा जागी १८ मीटर पुरतीलच असे नाही. पूर्वेकडे काळी माती. ती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. मानकाप्रमाणे चाचणीखड्ड्यात पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर साधा शोषखड्डा चालत नाही, लांब चर खणावा लागतो. ६० मिनिटांच्या वर गेले तर चरही चालत नाही, जैविक गाळणी लागते. ही चाचणी घरबांधणीच्या वेळी क्वचितच होते. मग काळ्या मातीत शोषखड्डा दोन पावसाळ्यांत तुंबतो आणि घरमालक टाकीचा पाइप गुपचूप गटारात काढतो. गटार नाल्याला, नाला तळ्याला. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याची जी दशा झाली, तिच्यात शहराच्या सांडपाण्याबरोबर अशा पाइपांचाही वाटा आहे.

गावांत स्वच्छ भारत अभियानाने २ ऑक्टोबर २०१४ पासून मोठा बदल घडवला. एका शौचालयाला १२,००० रुपयांचे अनुदान होते आणि सुचवलेली पद्धत दोन शोषखड्ड्यांची होती. साधारण १ मीटर व्यासाचे, १ मीटर खोल दोन खड्डे, त्यांत किमान १ मीटर अंतर. एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचे दीड-दोन वर्षांत खत. पाण्याची पातळी खोल असेल तिथे ही चांगली पद्धत आहे. पण पुष्कळांनी दुसरा खड्डा केलाच नाही आणि पहिलाच सिमेंटच्या रिंगा टाकून खोल नेला. गवंडी सांगतो, ‘खाली काँक्रीट कशाला, पाणी मुरू दे.’ पुढे घरचे कौतुकाने सांगतात की आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही. पाच माणसांची टाकी नियमाने दोन-तीन वर्षांत उपसायला यावी. ती कधीच भरत नसेल तर तिच्यातले पाणी जमिनीत चालले आहे, आणि तळ्याकाठी ते जाण्याची दिशा उताराची, म्हणजे तळ्याची असते. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आले, माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरले. घरात नळ आला की न्हाणीघराचे आणि भांड्यांचे पाणीही कित्येकदा याच टाकीला जोडले जाते. मग मैला खाली बसायला वेळच मिळत नाही आणि गाळ थेट शोषखड्ड्यात ढकलला जातो.

तपासणीच्या नियमांना जीव देणारा दुसरा धागा सफाई कामगारांचा आहे. त्यांच्यासाठीचा १९९३ चा कायदा कोरड्या संडासांपुरता होता. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हाच गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तपासणीला गेलेल्या माणसालाही हेच लागू आहे. झाकण काढून टाकी मोकळी सोडावी, जवळ विडी-काडी नको, आणि डोके आत घालून पाहणे तर नाहीच. हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात नाक बधिर करतो. ‘वास गेला’ असे वाटते तेव्हा धोका सर्वांत मोठा असतो.

टाकीची खरी तपासणी सोपी आहे, अर्ध्या तासाची. आधी पाण्याची पातळी पाहायची. चांगली टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळापर्यंत सदैव भरलेली असते. पातळी त्याच्या खाली असेल तर टाकी फुटली आहे किंवा तिला तळच नाही. वर असेल तर शोषखड्डा तुंबला आहे. मग सुमारे अडीच मीटरच्या काठीच्या टोकाला मीटरभर पांढरा टॉवेल गुंडाळून, तारेने बांधून ती तळापर्यंत सोडायची, दोन-तीन मिनिटे धरायची आणि हळू वर काढायची. गाळ लागला तेवढा भाग काळा येतो, तो टेपने मोजायचा. वर तरंगणारी साय दुसऱ्या, टोकाला आडवी पट्टी ठोकलेल्या काठीने मोजतात. मानकाप्रमाणे गाळ आणि साय मिळून खोलीच्या निम्म्यावर गेले की उपसा करायचा. तळ्याकाठी आम्ही एक तृतीयांशावरच थांबू. म्हणजे १.०५ मीटरच्या टाकीत दोन्ही मिळून ३५ सेंटिमीटर झाले की टँकर बोलवावा. बाहेरच्या पाइपला ‘टी’ (इंग्रजी टी-आकाराचा जोड) आहे का, त्याची खालची बाजू सायेच्या खाली बुडालेली आहे का, हेही पाहावे. टी निखळली असेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाते, आणि तुंबलेल्या शोषखड्ड्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. शेवटी घरातून २०० लिटर पाणी सोडून गटाराच्या तोंडाशी उभे राहावे. तिथे पाणी वाढले तर जोड चोरून दिला आहे.

वेळ ऑक्टोबरची धरावी. पावसाळ्यानंतर भूजल सर्वांत वर असते, म्हणून शोषखड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो की नाही ते तेव्हाच कळते. मार्च-एप्रिलला सगळ्याच टाक्या चांगल्या दिसतात. मात्र ऐन पावसात तळ्याकाठची टाकी पूर्ण उपसू नये. रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाते किंवा तळाला तडकते. उपसल्यावर तळाला थोडा गाळ ठेवून लगेच पाणी भरावे.

उपसलेला मैला जातो कुठे, यावर शासनाने उशिरा लक्ष दिले. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाची सेप्टेजविषयक मार्गदर्शक टिपणी जानेवारी २०१३ ची, राष्ट्रीय धोरण फेब्रुवारी २०१७ चे. त्याआधी २०१५ मध्ये कर्नाटकातच देवनहळ्ळी येथे अशा गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले होते. प्रक्रियेची जागा ठरलेली नसेल तर नियमित उपशाचा नियम उलटा बसतो, कारण टँकर रात्री नाल्यात मोकळा होतो.

तलावांसाठी कर्नाटकाचा वेगळा कायदा २०१४ चा. त्याने तलावात सांडपाणी सोडण्यास बंदी घातली आणि संरक्षणासाठी प्राधिकरण निर्माण केले. बेंगळूरच्या तलावांभोवती ७५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा हरित लवादाचा २०१६ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी रद्द केला. त्या वादात सगळी चर्चा बांधकाम किती दूर असावे याचीच झाली. आधीच उभ्या असलेल्या घरांच्या टाक्या त्यात आल्या नाहीत.

मुदतीची तपासणी कशी असते याचा नमुना कॅनडातल्या ओन्टारियो प्रांतात आहे. सिमको सरोवरात फॉस्फरस वाढून पाणी बिघडले, म्हणून २००८ मध्ये त्या सरोवरापुरता कायदा झाला. पुढे काठापासून १०० मीटरच्या आतल्या घरगुती टाक्यांची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. तिथे तक्रारीची वाट पाहिली जात नाही.

आपल्याकडे असा पट्टा आखायचा झाला तर राकसकोपला एक अडचण आहे. पट्ट्याचा एक भाग कर्नाटकच्या पंचायत कायद्याखाली, दुसरा महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याखाली जातो आणि एका बाजूच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) दुसऱ्या बाजूच्या घराचे झाकण उघडता येत नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि २०१३ चा सफाई कामगारांचा कायदा मात्र आज दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत. दोन्ही राज्यांच्या मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यांच्या आधाराने एकच नोंदवही ठरवली, तर प्रत्येक घरापुढे टाकीचे माप, तळ आहे की नाही, शोषखड्ड्याचे तळ्यापासून अंतर, शेवटच्या उपशाची तारीख आणि ऑक्टोबरमधली गाळाची जाडी हे पाच रकाने पुरेत.