चुनखडकावर व्हिनेगरचे चार थेंब

चुनखडकाचा तुकडा मिळाला तर तो थोडा खरवडा आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे उठतात. कान जवळ नेलात तर हलकी चुरचुरही ऐकू येते. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. चुनखडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्ल लागताच त्यात बांधला गेलेला हा वायू सुटू लागतो.

तो दगडात शिरला कसा? पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी जमिनीवरचे खडक झिजवते आणि त्यांतले कॅल्शियम, विरघळलेल्या वायूतल्या कार्बनसह, नद्यांवाटे समुद्रात नेते. तिथे शिंपले, प्रवाळ आणि असंख्य एकपेशीय जीव त्यातून आपली कवचे घडवतात. जीव मरतात, कवचे तळाशी साचतात. वरच्या थरांच्या ओझ्याने खालचा गाळ दाबला जातो, फटींमध्ये कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच खनिजाचे, स्फटिक वाढतात आणि सुटे कण एकमेकांना घट्ट धरतात. असा गाळाचा खडक होतो.

काही चुनखडक जीवांच्या कवचांशिवायही बनतो. बहामा बेटांभोवतीच्या उथळ, उबदार पाण्यात लाटांबरोबर घोळणाऱ्या कणांवर कॅल्शियम कार्बोनेटची पुटे चढत जातात आणि माशांच्या अंड्यांसारखे गोल दाणे तयार होतात.

तरी मला भुरळ पडते ती कवचांची. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडात नाण्यांसारख्या चपट्या चकत्या दिसतात. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने तिथल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत मसुरीसारखे खडे पाहिले होते. मजुरांच्या जेवणातले उरलेले दाणेच दगड झाले, असे तेव्हा लोक सांगत. पण ते खरे नव्हते. त्या चकत्या न्युम्युलाइट नावाच्या एकपेशीय समुद्री जीवांच्या आहेत. एखादी चकती मधोमध फुटलेली सापडली तर भिंगातून बघा: आत गोल गोल फिरत गेलेली, पडद्यांनी विभागलेली चिमुकली दालने दिसतात. एका पेशीचे हे बांधकाम!

महासागरात साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली मात्र अशी कवचे टिकत नाहीत. थंड पाणी आणि प्रचंड दाब यांमुळे ती विरघळून जातात. म्हणून समुद्री चुनखडक दिसला की तिथला समुद्र फार खोल नव्हता, असा अंदाज बांधता येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरही चुनखडक आहे, ४५ कोटी वर्षांपेक्षा जुन्या समुद्रातला, आणि त्यात समुद्री जीवांचे तुकडे सापडतात.

सिमेंटच्या भट्टीत हाच दगड साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवतात. मागे चुना उरतो आणि व्हिनेगरने थेंबभर सुटलेला तो वायू इथे घाऊक प्रमाणात हवेत जातो: शंभर किलो शुद्ध चुनखडकामागे ४४ किलो. भट्टीतल्या इंधनाचा धूर वेगळाच.