बिनशेती वसाहत (खानदेश)

शेतजमिनीचा वापर बदलून, तिचे रेखांकन करून पाडलेल्या भूखंडांवर उभी राहिलेली लोकवस्ती. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिला सर्रास ‘कॉलनी’ किंवा ‘नगर’ म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात ‘प्लॉट पाडणे’ आणि ‘एन.ए. (नॉन-अ‍ॅग्रिकल्चरल, म्हणजे अकृषिक) करणे’ हे शब्द रुळले आहेत. गावगाड्याच्या जुन्या परिभाषेत राहण्याची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. बिनशेती वसाहत काळीत वसते. तिथले रस्ते, सांडपाणी आणि मूळ गावाशी असलेले नाते यांविषयीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

उगम : खानदेशातील आखीव वसाहतीचा आरंभ बहुधा धुळ्यापासून धरावा लागतो, मात्र तिथल्या आखणीच्या कर्त्याविषयी मतभेद आहेत. शहरातील लांब, सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या यांचे श्रेय लोकसमजूत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना देते. ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सेवेच्या प्रारंभी खानदेशात होते, हे खरे. पांझरा नदीपात्रातून वक्रनलिकेने (सायफनने) पाणी नेण्याचे त्यांचे काम याच काळातले. परंतु १८८० चे खानदेश जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे विश्वेश्वरय्या सेवेत येण्यापूर्वी छापलेला ग्रंथ, नव्या धुळ्याची आखणी खानदेशातील तत्कालीन ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास केल्याचे नोंदवते. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. व्यापारी व कारागीर यावेत म्हणून घरांसाठी जागा कायमच्या माफीने दिल्या गेल्या आणि बांधकामासाठी उचल मिळाली. नंतरच्या काही सुधारणांत विश्वेश्वरय्यांचा हात असू शकेल. मूळ आखणी मात्र ब्रिग्जची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ब्रिग्जने पाहिलेले गाव बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट व दुसऱ्या बाजूला नदी यांच्यामध्ये कोंडलेले होते, ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. घर आणि पाट यांची जागेसाठीची ओढाताण या प्रदेशात किती जुनी आहे, हे तीवरून कळते.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून आरंभ धरावा, असेही म्हणता येईल. पण तेथील घरे नोकरवर्गासाठी होती. जागा विकली जात नव्हती. खाजगी मालकाने शेत मोडून भूखंड विकणे, या अर्थाची वसाहत अलीकडची आहे.

कायदेशीर बाजू : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये अकृषिक परवानगीसाठी कलम ४२ व ४४ योजली गेली. पुढे समाविष्ट झालेल्या कलम ४२-ड अन्वये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी वापराची वाट सोपी झाली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा; २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते माप, जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे ठरले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या विक्रीतून वाढलेल्या वस्तीसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या रेखांकनात किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तरीही रेखांकनाला मंजुरी मिळते ती गटनिहाय (गट म्हणजे जमिनीचा क्रमांकित तुकडा), आणि येथेच खरी मेख आहे. रस्ता आपल्या गटाच्या बांधापर्यंत आखला जातो. पलीकडचा मालक आज कपाशी लावतो, उद्या वेगळ्या दिशेने रस्ते पाडतो. दोन वसाहती भिंतीला भिंत लावून असतात, पण एकीतून दुसरीत जायला वाट नसते. त्यामुळे दूध आणायला निघालेली दुचाकीही मुख्य रस्त्यावरच येते. घरांची संख्या हे वाहतूककोंडीचे कारण म्हणून नेहमी पुढे केले जाते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ही तुटलेली जोडणी हे त्याहून मोठे कारण आहे.

वाहतूक : जळगाव (लोकसंख्या २०११ मध्ये ४,६०,२२८) हे याचे ठळक उदाहरण. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६, आताचा ५३, शहराच्या मधून जातो. १९९० मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेपलीकडे बांभोरीला आहे. त्या दिशेनेही वसाहती सरकत गेल्या. शाळकरी मुले, दुचाकी, रिक्षा आणि लांब पल्ल्याचे ट्रक एकाच डांबरावर आले. समांतर रस्त्यांची मागणी येथील नागरिकांनी दीर्घकाळ लावून धरली, ती अपघातांत माणसे गेल्यामुळे, सोयीसाठी नव्हे. रेल्वेमार्गामुळे पिंप्राळा व आसोदा फाटकांवर वेगळीच कोंडी होत असे. पाळधी ते तरसोद बाह्यवळणाने जड वाहने शहराबाहेर काढण्याची योजना झाली. मात्र बाह्यवळणाच्या कडेची शेते प्लॉटसाठी मोजली जाऊ लागली, की आजचे बाह्यवळण उद्याचा शहरी रस्ता होते. मोकळ्या शेतीच्या प्रदेशात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा व ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरण्याचा दंडक आहे. तो घरांना मागे ठेवतो. वसाहतीचे तोंड मात्र महामार्गावरच उघडते.

धुळ्यात मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर व धुळे–सोलापूर हे महामार्ग एकत्र येतात. २०१८ मध्ये महापालिकेची हद्द वाढून वलवाडी, अवधान, नकाणे आदी गावे शहरात आली.

ग्रामजीवन : शिवारातील गाडवाट बैलगाडीच्या मापाची असते. वसाहतीकडे जाणारी वाहने तिच्यावर आली, की पहिली अडचण होते ती शेतकऱ्याची : केळीचा घड भरलेला ट्रॅक्टर अडतो, रात्री वीज असेल तेव्हा पाणी भरायला जाणाऱ्याला कुंपणाला वळसा पडतो. अडवलेली वहिवाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि बांधावरून वाट मिळवण्यासाठी संहितेचे कलम १४३ उपयोगी पडते; पण निकाल येईपर्यंत हंगाम निघून जातो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडीचा पुरेसा थर न घातलेले अंतर्गत रस्ते दोन पावसाळ्यांत चिखल होतात, आणि बुजवलेल्या नाल्याचे पाणी खालच्या वावरात शिरते. ते वावर ज्याचे, त्याने प्लॉट विकलेला नसतो.

पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीचा येथे वेगळा विचार हवा. तिचा काळ निश्चित नाही. काही अभ्यासक ती तीन-चारशे वर्षांची मानतात. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी सोडणारा पाटकरी, राखणदार जागल्या यांच्यामार्फत पाणी वाटायचे, अशी तिची रीत. अशा फडातील एका गटाचे प्लॉट पडले, तर केवळ तेवढे क्षेत्र कमी होत नाही. चारी तुटते, पाट साफ करायला येणाऱ्यांतला एक वाटेकरी जातो, आणि उरलेल्यांवर बोजा वाढतो.

वसाहतीतील घरपट्टी ग्रामपंचायतीला मिळते, पण रस्ते व दिवे हस्तांतरित होईपर्यंत रहिवासी, विकसक आणि पंचायत यांपैकी जबाबदार कोण, हे ठरत नाही.

नंदुरबार : हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर संहितेच्या कलम ३६-अ चे निर्बंध असल्याने प्लॉटिंगला येथे मर्यादा पडतात. तळोदा तालुक्यात ‘वसाहत’ हा शब्द सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्यांच्या सोमावलसारख्या पुनर्वसित गावांसाठीही वापरला जातो.