दौलताबादची वेल आणि वाइनरीचं घराणं

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १३८५ साली अँतिनोरी घराण्यातला एक माणूस तिथल्या वाइन करणाऱ्यांच्या संघात दाखल झाला. तेव्हापासून सव्वीस पिढ्या त्या घरात हाच व्यवसाय चालू आहे. कौटुंबिक वाइनरीचा विषय निघाला की हे नाव हमखास येतं. मराठवाड्यात बसून ते वाचलं की मला त्याच्याही आधीचा काळ आठवतो. अँतिनोरींच्या त्या नोंदीपूर्वी चाळीसएक वर्षं मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेत होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपल्याकडे वेल होती, नाव होतं. मग घराणं का उभं राहिलं नाही?

त्या ‘दोनदा’मध्ये बरंच काही आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, पानं झडतात आणि पुन्हा जाग येते ती वसंतात. आपल्याकडे ती झोपतच नाही. छाटली की फुटते. म्हणून आज मराठवाड्यातला बागायतदार वर्षातून दोन छाटण्या घेतो आणि पीक मात्र एकच घेतो. एप्रिलच्या खरड छाटणीनं काडी तयार होते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. वेलीला विश्रांती नसल्यानं ती लवकर थकते. पंधराएक वर्षांत बाग बदलायची वेळ येते. युरोपात आजोबानं लावलेल्या वेलींचे घड नातू तोडतो. इथे एकाच शेतकऱ्याला हयातीत दोन-तीनदा लागवड करावी लागते, आणि प्रत्येक लागवडीला भांडवल नव्यानं उभं करावं लागतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, आणली, ती फार काळ टिकली नाही. पुढे मलिक अंबरानं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, नहरींनी पाणी आणलं आणि या परिसरातल्या बागा त्या पाण्यावर जगल्या. राज्यकर्ता बदलला की बागेचा धनीही बदलायचा. दख्खनच्या जुन्या बागांमध्ये भोकरी, फकडी, हबशी, साहेबी अशी वाणं होती. त्यांची नावं टिकली, पण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराची नोंद कुठे दिसत नाही. निजामी मुलखात बरीच जमीन जहागिरीत होती. जहागिरी गेल्या त्या १९४९ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. जमीन स्वतःच्या नावावर झाली, तोवर तिच्यातल्या द्राक्षापासून वाइन करणं परवान्याच्या फेऱ्यात अडकलं होतं. मला हे या प्रदेशाचं मोठं दुर्दैव वाटतं.

युरोपातली घराणी अखंड सुखात होती, असं मात्र नाही. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या बागा अचानक वाळू लागल्या. अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड मुळं खात होती. शेकडो वर्षांच्या बागा उपटाव्या लागल्या, कित्येक घरं देशोधडीला लागली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नव्हती. त्यांच्या मुळासकटच्या खोडावर, म्हणजे खुंटावर, फ्रान्सच्या वाणांची कलमं बांधली गेली. आज युरोपात ज्याला जुनी कौटुंबिक वाइनरी म्हणतात, तिच्या वेलींची मुळं बहुतेक ठिकाणी अमेरिकन आहेत.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. महाराष्ट्रात फिलॉक्सेरा नव्हे, तर खारं पाणी आणि कोरडे उन्हाळे वेलीला मारत होते. त्यावर उपाय म्हणून टेक्सासच्या रानवेलींमधून निवडलेला डॉगरीज खुंट इथे आला. आज जालना, लातूर, धाराशिवच्या बागांमध्ये वर थॉमसन हे खाण्याच्या द्राक्षाचं किंवा दुसरं वाण दिसतं, खाली बहुतेक डॉगरीजच असतो.

पण नुसत्या खुंटानं भागत नाही, पाणी लागतं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं ते मनावर घेतलं. १९९६ पासून तिथे कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनानं पाणलोटाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, मग शेततळी, मग ठिबक. विजयअण्णा बोराडे यांचं त्या कामातलं योगदान मराठवाडा विसरू शकत नाही. २०१२ च्या दुष्काळातही या गावाच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. माझ्या मते मराठवाड्यातल्या वेलीचं खरं पुनरुज्जीवन ते हेच, आणि ते कुणा राजाच्या आश्रयानं नाही, शेतकरी कुटुंबांनी केलं.

यातली जवळपास सगळी द्राक्षं खाण्याची आहेत. वाइनचं गाडं वेगळ्या रस्त्यानं गेलं. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, स्थानिक द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क, म्हणजे वाइनरींसाठीच्या औद्योगिक वसाहती, केले. एक नाशिक जिल्ह्यात, एक सांगलीत. मराठवाड्याच्या वाट्याला पार्क आला नाही. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, वाइनच्या द्राक्षांचे पैसे थकले, अनेकांनी शिराझ, कॅबर्नेच्या बागा काढून टाकल्या. त्या पडझडीत जी भीती बसली ती अजून पुरती गेलेली नाही. तिला चूक कसं म्हणावं? वाइनची द्राक्षं मुद्दाम कमी पीक घेऊन वाढवतात, मणी बारीक आणि बियांचे असतात. कारखान्यानं ती नाकारली तर बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो.

म्हणूनच वाइन शेतकऱ्याच्याच घरात व्हायला हवी, असं मला वाटतं. द्राक्ष विकणारा आणि वाइन करणारा वेगळा असेल, तर सगळी जोखीम पिकवणाऱ्यावर येते. घर एकच असेल तर एका वर्षीची वाइन दुसऱ्या वर्षासाठी ठेवता येते. २०१४ सारखी गारपीट झाली तरी आदल्या साली टाकीत भरलेला माल हाताशी राहतो. अँतिनोरींसारखी घरं टिकली त्यातही याचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कुठून करायची, हे सांगायला नवी बागही लागत नाही. डॉगरीजच्या उभ्या खुंटावर वरचं वाण छाटून दुसऱ्या वाणाचं कलम बांधता येतं. मुळं जुनी, त्यामुळे नव्या रोपापेक्षा वेल लवकर फळावर येते. कडवंचीकडच्या एखाद्या घरानं चार ओळी शेनिन ब्लां या वाइनच्या वाणाच्या करून पाहायच्या ठरवल्या, तर शेततळं, ठिबक, मांडव सगळं आधीच उभं आहे. कमी आहे ती छोट्या वाइनरीला परवडेल अशा परवान्याची, आणि वाइन थंड ठेवून मुरवता येईल अशा एका खोलीची.