शरीरसौष्ठवपटू अभिनेता

स्पर्धेसाठी कमावलेल्या शरीराच्या बळावर चित्रपटात प्रवेश मिळवून पुढे अभिनय हाच व्यवसाय करणाऱ्या कलावंतास शरीरसौष्ठवपटू अभिनेता म्हणता येईल. मल्लाची कीर्ती लढत जिंकण्यावर उभी असते, सौष्ठवपटूची मात्र दिसण्यावर. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. अडचण उरते ती आवाजाची. १८९४ मध्ये एडिसनच्या कंपनीने यूजीन सँडो यांचे स्नायुप्रदर्शन टिपले, तेव्हा चित्रपट मुका असल्याने हा प्रश्नच नव्हता.

बोलपटाच्या काळात पहिले मोठे यश अमेरिकेच्या स्टीव्ह रीव्ह्ज (१९२६–२०००) यांना मिळाले. १९४७ चे ‘मिस्टर अमेरिका’ आणि १९५० चे ‘मिस्टर युनिव्हर्स’ असलेले रीव्ह्ज १९५८ च्या इटालियन ‘हर्क्युलिस’मुळे जगभर पोहोचले, पण त्यांच्या तोंडचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात होते. दूरचित्रवाणीवर लू फेरिग्नो यांनी साकारलेल्या ‘हल्क’ या महाकाय पात्राला तर संवादच नव्हते; ते केवळ गुरगुरे.

आर्नोल्ड श्वार्झनेगर यांची कारकीर्द या संदर्भात सर्वांत बोलकी आहे. ऑस्ट्रियातील थाल या गावी १९४७ मध्ये जन्मलेल्या आर्नोल्ड यांनी विसाव्या वर्षी ‘मिस्टर युनिव्हर्स’ जिंकले आणि १९७० ते १९७५ सलग सहा वेळा व १९८० मध्ये पुन्हा एकदा ‘मिस्टर ऑलिम्पिया’ हा किताब मिळवला. १९७० च्या पहिल्या चित्रपटात त्यांच्या जाड उच्चारांमुळे संवाद दुसऱ्याकडून वदवून घेण्यात आले होते. १९८२ च्या ‘कोनन द बार्बेरियन’ने त्यांना नायक केले, तरी खरी कलाटणी १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’ने दिली: यंत्रमानवाला संवाद मोजकेच होते आणि जो उच्चार दोष ठरला होता, तोच तेथे शोभून दिसला. लेखणीने नटाच्या उणिवेला इतके चपखल काम क्वचितच दिले असेल. पुढे २००३ ते २०११ या काळात ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते.

नागपूरच्या प्रेक्षकांना अशा नायकांचा आवाज बहुधा हिंदीतूनच ऐकू आला, कारण १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आल्यानंतर भाषांतरित इंग्रजी चित्रपटांना देशभर मोठी बाजारपेठ मिळाली. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतील आखाड्यांच्या जोर-बैठकांशेजारी पुढे यंत्रांच्या जिम आल्या आणि आर्नोल्ड यांची पोझ भिंतीवर लागली. मात्र येथून पडद्याकडे जाणारी वाट अवघड आहे. स्पर्धेच्या दिवशीचे ‘कटिंग’, म्हणजे स्नायूंच्या रेषा ठळक दिसणे, पाणी व मीठ तोडून फार तर काही दिवस टिकते, तर चित्रीकरण महिनोन्‌महिने चालते. शिवाय मुंबई आठशेहून अधिक किलोमीटर दूर असून, नागपुरी वळणाची हिंदी घेऊन तेथे गेलेल्या पिळदार तरुणाच्या वाट्याला सहसा अंगरक्षक किंवा खलनायकाचा हस्तक अशा बिनसंवादाच्याच भूमिका येतात.