तेराव्या वर्षीची उंची काय सांगते?

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात रशिया ब्राझीलविरुद्ध दोन सेटने मागे होता. प्रशिक्षकांनी २१८ सेंमी उंचीच्या दमित्री मुसेर्स्कीला मधल्या ब्लॉकरच्या, म्हणजे जाळीपाशी मध्यभागी उभं राहून समोरचा स्मॅश अडवणाऱ्याच्या, जागेवरून काढलं आणि टोकाला, स्मॅश मारायला उभं केलं. त्याने ३१ गुण मिळवले आणि सुवर्णपदक रशियाला गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला संघाने कांस्यपदक पटकावलं. त्या संघाची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी, योशिए ताकेशिता १५९ सेंमी उंचीची. त्याआधी २००६च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला होता, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला होता.

म्हणजे उंचीला काही अर्थ नाही? तसं अजिबात नाही. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर असते, महिलांची २.२४ मीटरवर, आणि चेंडू त्याच्याही वर मारायचा असतो. म्हणूनच वरच्या दर्जाचे खेळाडू सामान्य माणसांपेक्षा बरेच उंच असतात. शरीराची ठेवण मोजणारे शास्त्रज्ञ प्रत्येकाला तीन आकडे देतात: चरबी किती, हाडं-स्नायूंचा भरीवपणा किती आणि शिडशिडीतपणा किती. व्हॉलीबॉलपटूंमध्ये बहुधा पहिला आकडा लहान असतो आणि उरलेले दोन वरचढ. त्यातही मधले ब्लॉकर सगळ्यांत उंच आणि काटक, तर लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत बचाव करणारा खेळाडू, बुटका आणि चपळ असतो. लिबेरोला ब्लॉक करायची परवानगीच नाही, त्यामुळे उंचीवाचून त्याचं फारसं अडत नाही.

पण जाळीवर कामाला येते ती डोक्याची उंची नव्हे, बोटांची. भिंतीपाशी उभं राहा, बोटांना खडू लावा, हात ताणून खूण करा. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करा. समजा, एका मुलाचा हात उभ्याने २३० सेंमीवर पोचतो आणि तो ४५ सेंमी उडतो. दुसऱ्याचा हात २१५ सेंमीवरच पोचतो, पण उडी ६० सेंमीची. दोघांचीही वरची खूण २७५ सेंमीवर! रांगेत उभे केले तर मात्र निवड पहिल्याची होते, कारण नुसत्या डोळ्यांना तोच मोठा दिसतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती या रांगेची. शाळेच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. गट ठरतो जन्मतारखेवरून, शरीर मात्र स्वतःच्या घड्याळाने वाढतं. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. काहींची ही वाढ दोन वर्षं आधी होते, काहींची दोन वर्षं उशिरा. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात चार वर्षांचाही फरक पडू शकतो. लवकर वाढलेला मुलगा तेराव्या वर्षी उंच, वजनदार आणि जोरकस दिसतो, पण त्याची वाढ थांबतेही लवकर. उशिरा वाढणारा पुढे बहुतेकदा त्याला गाठतो, तोपर्यंत मैदानावर टिकला तर.

ही वाढ घरात आधी दिसते ती चपलांत. पावलं आणि हात आधी मोठे होतात, मग पाय लांब होतात आणि धड सर्वांत शेवटी. हाडं पुढे जातात, ताकद काही महिन्यांनी मागून येते. त्या मधल्या काळात कालपर्यंत अचूक सर्व्हिस करणाऱ्या पोराचा हात चुकायला लागतो. अंगाची मापं बदललेली असतात, मेंदूला ती नव्याने शिकावी लागतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला जिथे स्नायूची दोरी चिकटते, तिथे दुखू लागतं. हा आळस नव्हे. अशा वेळी उड्या कमी करायच्या आणि हातांचं, पायांच्या हालचालींचं काम वाढवायचं.

वजनाबद्दलही बोलायला हवं. उडीत चरबी हे ओझंच असतं, हे खरं. पण वाढत्या वयात, विशेषतः मुलींना, 'वजन उतरव' म्हणून अर्धपोटी ठेवणं घातक आहे. पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं ठिसूळ होतात आणि उडीही घटते. वाढत्या मुलीचं वजन वाढणारच.

प्रशिक्षकाकडे एक वही, टेप आणि एक स्टूल असलं तरी पुष्कळ होतं. दर तीन महिन्यांनी उभ्याने उंची, स्टुलावर बसवून उंची, वजन आणि भिंतीवरच्या दोन्ही खुणा लिहून ठेवायच्या. बसल्या उंचीवरून पाय आणि धड यांपैकी काय वाढतंय ते कळतं. वर्षभराचे आकडे ओळीने पाहिले, की वेगाची वाढ कुणाची होऊन गेली आणि कुणाची अजून सुरूही झालेली नाही, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. यंदा रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलाचं नाव पुढच्या वर्षीच्या सरावाच्या यादीत ठेवायला एवढा आधार पुरतो.