जॅझ महोत्सवात माहितीपट चित्रित करायचाय? अर्ज नेमका कुठे अडतो

समुद्रकिनाऱ्यावरच्या जॅझ महोत्सवात चित्रीकरण करणार असाल तर एक गैरसमज आधीच काढून टाका. प्रेस पास म्हणजे माहितीपटाची परवानगी नव्हे. पासावर बहुतेक ठिकाणी पहिली दोन-तीन गाणी टिपता येतात, तीही बातमीपुरती. माहितीपटाचा अर्ज वेगळा असतो. सोबत रूपरेषा, चमूची यादी आणि विम्याचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर सहसा आयोजकांचंही नाव लागतं. ते नसलं की कागद परत.

सगळ्यात जास्त अर्ज लटकतात संगीताच्या हक्कांवर. "कलाकार हो म्हणालेत" एवढ्यानं भागत नाही, कारण वाजवणारा आणि रचनेचा मालक बरेचदा वेगळे असतात. आयोजकांचा परवाना मंचावर वाजवण्यापुरता. रचना चित्राला जोडायची तर तिचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाकडून सिंक परवाना घ्यावा लागतो. आणि "जुनं आहे, चालेल" म्हणू नका. 'सेंट लुईस ब्लूज' १९१४ची रचना, अमेरिकेत हक्कमुक्त. पण संगीतकार हँडी वारले १९५८ साली. जिथे मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, तिथे २०२८ संपेपर्यंत थांबा किंवा पैसे मोजा.

फॉर्ममध्ये 'वाजवल्या जाणाऱ्या रचनांची यादी' मागतात, आणि ती कुणाकडेच नसते. जॅझवाले ऐनवेळी मंचावर ठरवतात, हे फॉर्म बनवणाऱ्याला कोण सांगणार! रकाना रिकामा सोडू नका. संभाव्य रचना लिहा, 'अंतिम यादी कार्यक्रमानंतर देऊ' असं नोंदवा आणि बँड उतरताच विंगेत वही घेऊन उभे राहा. सॅक्सोफोनवाला सोलोच्या मधेच दुसऱ्याच गाण्याच्या आठ मात्रा घुसडून हसतो, तेही विचारून टिपून ठेवा. साउंड डेस्कवरचा आवाज हवा असेल तर त्याची परवानगी वेगळी.

वाळू, धक्का आणि भरती-ओहोटीमधला पट्टा बरेचदा आयोजकांच्या ताब्यात नसतो. त्याची ना हरकत स्थानिक प्रशासनाकडून आणा. ड्रोनसाठी आणखी एक अर्ज.

परदेशी जाणाऱ्यांनी साहित्यासाठी एटीए कार्नेट काढावं, म्हणजे साहित्य तात्पुरतं नेऊन परत आणण्याचा कस्टम्सचा कागद. त्याची मुदत वर्षभर, म्हणून लोक निवांत राहतात. पण शिक्का मारताना तिथला कस्टम्स अधिकारी साहित्य परत नेण्याची तारीख पानावर हातानं लिहितो, आणि ती वर्षाच्या आतलीही असू शकते. काउंटरवरून हलण्याआधी ती वाचा, शिवाय यादीतला प्रत्येक सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून घ्या.