फिश टँकमधले मासे : कुणाचं कुणाशी जमतं

गोड्या पाण्याचा फिश टँक म्हणजे नदी, तळी, ओढ्यातले मासे घरात काचेच्या पेटीत पाळायची सोय. पुस्तकी मराठीत मत्स्यालय म्हणतात पण सांगली-मिरजेत तसं कुणी बोलत नाही, इथं टँकच. समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक हा वेगळा आणि खर्चिक प्रकार आहे, तो या नोंदीत घेतलेला नाही. हौस तशी जुनी, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं आणि आपल्याकडं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं, आमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत तिथं काचेला नाक लावलंय आणि घरी येऊन टँकचा हट्ट धरलाय.

दुकानात प्लास्टिकच्या पिशवीकडं बोट दाखवून "दादा, यात हे पण चालतंय काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "चालतंय की." तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. माझा पहिला टँक दोन फुटी होता आणि पहिल्याच दिवशी त्यात दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल आणि काच साफ करायला म्हणून एक सकर असा सगळा बाजार भरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एंजलच्या खालच्या लांब दोऱ्यासारख्या पट्ट्या कात्रीनं कापल्यासारख्या गायब, गोल्डफिश पर अंगाला चिकटवून खड्यांवर बसलेला, आणि टायगर चौघं मजेत. महिन्याभरात सकर सोडून सगळे गेले. एकाही माशाला रोग नव्हता, पाणी तयार नव्हतं आणि संगत चुकीची होती एवढंच.

आधी पाणी

मासा आवडला म्हणून घ्यायचा आणि मग पाणी त्याच्याजोगतं करत बसायचं हा उलटा धंदा आहे. आपल्या नळाला जे पाणी येतं त्यात कोण सुखानं राहील हे आधी बघायचं. सांगलीत नळाचं पाणी कृष्णेचं, ते त्या मानानं हलकं, पण कॉलन्यांमध्ये निम्मं शिमं काम बोअरवर चालतं आणि ते पाणी जड, क्षाराचं. टेस्ट किट नसलं तरी गीझरची कॉईल बघा नाहीतर नळाच्या तोंडाशी जमलेला पांढरा थर बघा, साबणाला फेस येत नसेल तर उत्तर मिळालंच. अशा पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) साधारण साडेसातच्या वर असतो. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यातच खुलतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस मूळचे ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले, ते बोअरच्या पाण्यात काही दिवस काढतात आणि मग एकेक करून कमी व्हायला लागतात. काही जण यावर उपाय म्हणून नुसतं आरओचं पाणी भरतात, पण त्यात क्षार जवळपास नसल्यामुळे पीएच टिकत नाही, एकदम घसरतो. मिसळून वापरलं तर ठीक.

दुसरी गोष्ट क्लोरीन. नळाचं पाणी थेट ओतलं की माशांचे कल्ले जळतात आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरियाही मरतात. बादलीत चोवीस तास ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं, घाई असेल तर दुकानात अँटी क्लोरीन मिळतं, ते म्हणजे मुख्यतः सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की तुरटी आणि क्लोरीनचा डोस वाढतो, त्या दिवसात नळ सोडल्यावर वास आला तर पाणी बदलायचं काम पुढं ढकललेलं बरं.

आता टँक तयार होणं म्हणजे काय ते बघू, कारण नवीन माणसाचे मासे मरतात ते बहुतेक इथंच. माशाच्या कल्ल्यातून, विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यातून अमोनिया सुटतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात आणि त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टँक आणला, रात्रभर मोटर चालवली आणि सकाळी वीस मासे सोडले की हे काम करायला कुणीच नसतं. त्यात पीएच आणि उष्णता जेवढी जास्त तेवढा अमोनिया जास्त घातक, म्हणजे आपलं जड पाणी आणि आपला एप्रिल दोन्ही इथं विरोधात जातात. ओळखीच्या कुणाचा जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा, कळकट दिसतो पण बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा भारी काम करतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दिसले की मासे थोडे थोडे वाढवायचे.

जोडी जमवणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरलं तर साधारण ५६ लिटर पाणी बसतं, खडे आणि वरची जागा सोडली की ४५ च्या आसपास. एवढ्या पाण्यात आठ गप्पी, चार प्लॅटी आणि सहा झेब्रा डॅनिओ सुखानं राहतात. गप्पी-मॉलीमध्ये एका नरामागं दोन-तीन माद्या ठेवायच्या, नाहीतर नर एकाच मादीच्या मागं लागून तिला दमवून मारतात. गप्पी हा तर आपल्या ओळखीचाच, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं हौदात आणि डबक्यात सोडतं तोच हा, फक्त दुकानातला रंगीत शेपटीचा. पिल्लं साधारण महिन्याला होतात आणि आईच ती खाते, त्यामुळं जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड) किंवा तरंगतं झाडपान ठेवलं की काही लपून वाचतात.

गोल्डफिश गप्पीच्या शेजारी ठेवू नये. तो थंड पाण्याचा, १८ ते २२ अंश त्याला बरं, घाण प्रचंड करतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याला मोठा टँक आणि दुसरा गोल्डफिश, बास. छोट्या गोल बाऊलमध्ये ठेवायची फॅशन आहे पण नीट वाढला तर हा मासा वीतभर होतो, बाऊलमध्ये तो वाढायच्या आधीच मरतो म्हणून लोकांना तो छोटाच असतो असं वाटतं.

टायगर बार्ब सात-आठच्या वर घोळक्यात ठेवले तर आपापसात भांडत बसतात, दोन-चार असले तर दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात, माझ्या एंजलचं तेच झालं. लांब परांचा कुठलाही मासा त्यांच्यासोबत नको. एंजलही काही साधा नाही, लहानपणी निऑनसोबत गोड दिसतो आणि मोठा झाला की त्याच निऑनचा नाश्ता करतो. फायटर मूळचा थायलंडकडचा, दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण रंगीत शेपटीचा गप्पीसुद्धा त्याला दुसरा फायटर वाटतो आणि तो चढाई करतो हे फार कमी जणांना माहीत असतं. तो वर येऊन हवा घेऊ शकतो म्हणून काचेच्या ग्लासात विकतात, त्याचा अर्थ त्याला ग्लासात मजा येते असा नाही.

सगळ्यात मोठी फसवणूक वाढीची. दुकानात बोटाएवढा चंदेरी "शार्क" मिळतो, तो शार्क नसून पंगासिअस जातीचा कॅटफिश आहे, नदीत मीटरच्या वर वाढतो. सकर फूटभर सहज होतो आणि मोठा झाला की शेवाळ सोडून रात्री गोल्डफिशसारख्या सुस्त माशाच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो. ऑस्कर फूटभर आणि तोंडाला येईल ते खाणारा, फ्लॉवरहॉर्न हा तर माणसानं मलेशियात तयार केलेला संकर, कपाळावर टेंगूळ येतं म्हणून नशिबाचा मानतात, त्याला एकट्यालाच ठेवावं लागतं, काचेबाहेरच्या बोटाशीसुद्धा भांडतो. आपल्या सह्याद्रीतला डेनिसन बार्ब, ज्याला मिस केरळ म्हणतात, स्वभावानं शांत आणि दिसायला देखणा, पण चार फुटी टँक आणि घोळका पाहिजे, शिवाय जंगलात तो धोक्यात आलेला आहे म्हणून घेतलाच तर पैदास केंद्रातला घ्या.

तब्येत

दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी सायफननं काढायचं, तळाची घाण ओढून, आणि तेवढंच क्लोरीन गेलेलं पाणी घालायचं. महिन्यातून एकदा रविवारी सगळा टँक रिकामा करून खडे साबणानं घासायचे, अशी चूक भल्याभल्यांच्या घरी होते आणि टँक चकाचक झाल्यावर दोन दिवसांनी मासे वर तोंड काढून धापा टाकतात, कारण बॅक्टेरियाची सगळी वस्तीच गटारात गेलेली असते. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळून. उन्हाळ्यात पाणी आटतं म्हणून वरून भर घातली तर तो पाणीबदल धरायचा नाही, आटताना क्षार मागं राहतात.

दाणे दोन मिनिटात संपतील एवढेच. घरात आजी, पोरं, पाहुणे असा प्रत्येक जण "बिचारे उपाशी आहेत" म्हणून एकेक चिमूट टाकतो, त्यावर इलाज म्हणजे डबा कपाटात.

पांढरे ठिपके म्हणजे इच, हा सगळ्यात जास्त दिसणारा रोग. अंगावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं, मासा खड्याला अंग घासतो. हा परजीवी आहे आणि तो माशाच्या कातडीत असताना औषध त्याला लागत नाही, पाण्यात मोकळा पोहत असताना लागतं, म्हणून ठिपके गेले तरी पुढं काही दिवस औषध चालू ठेवायचं. तापमान हळूहळू ३० अंशापर्यंत नेलं की त्याचं चक्र भरभर फिरतं आणि काम लवकर उरकतं, पण उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा एअर पंप जोरात हवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो काढायचा, औषध शोषून घेतो. कॅटफिश आणि लोच (तळाशी राहणारे लांबट मासे) यांना डोस निम्मा. डिसेंबर-जानेवारीत सांगलीत रात्री गारठा पडतो आणि हीटर नसलेल्या टँकमध्ये इच तेव्हाच उठतो, लिटरला एक वॉट या हिशोबानं हीटर घ्यायचा. शेपटी कुजणं बहुतेक वेळा खराब पाण्यामुळं, पाणी सुधारलं की सुरुवातीचं आपोआप भरून येतं. पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले तर सहसा उशीर झालेला असतो.

नवीन मासा आणला की पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घालायचं आणि जाळीनं फक्त मासा सोडायचा, पिशवीतलं पाणी आत ओतायचं नाही. जमलं तर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

लाईट जाण्याचं इथं वेगळं सांगायला नको. सेलवर चालणारा एअर पंप स्वस्तात मिळतो, तो घरात असू द्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या पार्किंगमध्ये पाणी आणि पाच दिवस लाईट नाही. दाणे पूर्ण बंद केले, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, आणि आळीपाळीनं दर दोन तासांनी मगमध्ये टँकचंच पाणी घेऊन फूटभर उंचावरून परत ओतायचं, बाहेर गल्लीत बोट फिरत होती आणि आम्ही आत मग ओतत होतो. एक एंजल गेला, गप्पी सगळे वाचले.

नको झालेले मासे

मोठा झालेला सकर किंवा शार्क कृष्णेत नाहीतर विहिरीत सोडून द्यायचा प्रकार सर्रास चालतो, पुण्य म्हणून. उजनी धरणात असेच पोचलेले सकर आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, त्यांच्या अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्यांना गिऱ्हाईक नसतं. दुकानदार वाढलेला मासा बहुतेक वेळा परत घेतात. पैसे देत नाहीत, माझ्या सहा वर्षांच्या सकरच्या बदल्यात दाण्याचा एक छोटा डबा मिळाला होता.